डाव्या हाताचा जिना

बिबवेवाडी

आमच्या सोसायटीतल्या लोकांची समजूत आहे की मी इटली बघून आलो. मी ती दुरुस्त केलेली नाही. खरं म्हणजे मी एक जिना बघून आलो. सार्डिनिया नावाचं एक बेट आहे. नावाला इटलीचं, पण इटलीपासून चांगलं लांब, समुद्रात. तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा म्हणतात असा एक दगडी बुरूज आहे. त्या बुरुजात शिरल्यावर जिना डाव्या हाताला लागतो की उजव्या, एवढंच मला बघायचं होतं.

याचं कारण सांगायला थोडं मागे जावं लागेल. शरद आणि मी, आम्ही तीस वर्षं दर रविवारी दगड बघत हिंडलो. तो कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. मी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात आरेखक होतो, म्हणजे जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढायचो. दगड कशाचा आहे ते त्याला कळायचं, कुठे आहे ते मला. वीरगळ, जुन्या विहिरी, टाकी, पडके चौथरे, आम्हाला काहीही चालायचं. एकदा तर नागपूरपर्यंत जाऊन माळावरची शिळावर्तुळं पाहिली होती, हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपल्या मेलेल्यांभोवती रचलेली. रात्री एका शाळेच्या ओसरीवर झोपलो आणि सकाळी संत्री खाल्ली. मी लग्न केलं नाही. शरदनं केलं, पण त्याच्या बायकोनं रविवार आम्हाला देऊन टाकला होता.

अकरा वर्षांपूर्वी शरदनं एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत सार्डिनियातल्या बुरुजांवर लेख लिहिला. ते बुरूज त्या बेटावर हजारोंनी आहेत, चुन्याशिवाय नुसते दगडावर दगड रचून बांधलेले. कुणी बांधले आणि कशासाठी, ते नक्की कुणाला माहीत नाही. लेख चांगला होता. माझी अडचण अशी होती की तो त्यानं मला न दाखवता लिहिला होता.

लेखात एका विशिष्ट बुरुजाचं वर्णन होतं आणि त्यात एक वाक्य होतं : दारातून आत शिरताच उजव्या हाताला पहारेकऱ्याचा कोनाडा, डाव्या हाताला जिना. माझ्याकडे फुटपाथवर घेतलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. त्यात नेमक्या त्याच बुरुजाचं छायाचित्र होतं, दारातून आतल्या पायऱ्या दिसतील असं काढलेलं. पायऱ्या स्वच्छ उजवीकडे होत्या. अशा वेळी दुसऱ्या गावचा माणूस मित्राला फोन करतो. मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं.

पत्राचा शेवट मला अजून पाठ आहे. 'लेखकाने ही वास्तू प्रत्यक्ष पाहिलेली दिसत नाही. पाहणाऱ्यास किमान डावे-उजवे कळते.' माझं पत्र न कापता छापलं गेलं, असं तेव्हा पहिल्यांदाच घडलं. ती वास्तू मीही पाहिलेली नव्हती, पण ते पत्रात लिहिण्याचं काही कारण नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी सहा वाजता मी नेहमीसारखा सारसबागेच्या दारात उभा राहिलो. साडेसातपर्यंत. शरद आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही आला नाही. फोन त्यानं करायला हवा असं मला वाटत होतं. फोन मी करायला हवा असं त्याला वाटत असणार. इतक्या जिव्हाळ्यानं एकमेकांची वाट बघत आम्ही अकरा वर्षं एकाच शहरात राहिलो.

इंटरनेटवर बघून प्रश्न मिटवता आला नसता का, असं कुणी विचारील. आला असता कदाचित. पण ज्याला खात्री असते तो शोधत नाही, आणि ज्याची खात्री हलू लागलेली असते तो तर मुळीच शोधत नाही.

या वर्षी उन्हाळ्यात भाजी घेताना एक जुने परिचित भेटले. म्हणाले, "शरदरावांची बायपास झाली. कळलं असेलच तुम्हाला."

"नाही."

"अहो, कमाल आहे. तुम्हालाच नाही कळलं? आता मुलाकडे असतात, खराडीला. एकोणिसाव्या मजल्यावर."

"माझं काही विचारत होते का?"

त्यांनी हातातली कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करून पाहिली. "नाही बुवा," म्हणाले. "तसा काही विषय निघाला नाही."

त्या दिवशी मी ठरवलं की भेटायला जायचं. पण जाऊन काय म्हणायचं? 'माझं चुकलं' म्हणायचं की 'तुझंच चुकलं होतं, पण आता जाऊ दे'? पहिलं खोटं निघालं तर आयुष्यात एकदा मागितलेली माफी फुकट जायची. दुसरं खोटं निघालं तर पहिलं म्हणायला परत संधी मिळायची नाही. माफी मागायची तर आधी चूक कुणाची होती ते तपासून घ्यावं, या मताचा मी आहे. माझं वय एकाहत्तर. पासपोर्ट होता, त्यावर शिक्का एकही नव्हता.

काल्यारी

विमानांविषयी लिहिण्यासारखं काही नाही. तीन बदलली, तिन्हींत सारखंच जेवण होतं. तिसरं उतरू लागलं तेव्हा बेटाची राजधानी काल्यारी खाली पसरलेली होती, ऑक्टोबरच्या उन्हात पिवळट, आणि शेजारच्या मिठागरांत लाल पाय असलेले रोहित पक्षी उभे होते. भिगवणला हेच पक्षी बघायला आम्ही पहाटे उठून जायचो. इथे ते विमानतळावर न्यायला आल्यासारखे उभे होते. बाकी कुणी आलं नव्हतं.

इटालियन भाषेतला मी शिकलेला पहिला शब्द 'सोलो'. एकटा. हॉटेलात विचारलं, "सोलो?" खानावळीत वाढप्यानं माझ्या मागे कुणी येतंय का ते वाकून पाहिलं आणि विचारलं, "सोलो?" बसमधल्या बाईंनीही शेजारच्या रिकाम्या जागेवर पिशवी ठेवण्यापूर्वी विचारलं. पुण्यात मी इतकी वर्षं एकटा राहतो, पण तिथे ते कुणी तोंडावर विचारत नाही. सगळ्यांना माहीतच असतं. इथे दिवसातून चार वेळा कबुली द्यावी लागली. वाढपी प्रत्येक वेळी टेबलावरचं दुसरं ताट, दुसरा पेला आणि दुसरा रुमाल शांतपणे उचलून न्यायचा, आणि ते नेऊन होईपर्यंत मी मेनूकार्ड वाचत असल्याचं दाखवायचो.

दुपारी एक वाजता सगळं शहर बंद झालं. दुकानांची दारं ओढली गेली, चर्चलासुद्धा कुलूप. माझ्याबरोबर बसमधून उतरलेलं एक जर्मन जोडपं फार वैतागलं. मी एका बाकावर बसून राहिलो. दुपारी बंद असलेल्या दारासमोर शांतपणे बसायचं शिक्षण आम्हाला लहानपणीच मिळालेलं असतं.

पठारावरचं गाव

बेटाच्या मध्यावर एक मोठं, उघडं, वाऱ्याचं पठार आहे. बस वर चढली आणि रस्त्याकडेचे गडगे दिसू लागले तसा मी खिडकीला नाक लावलं. काळा दगड. आपलाच, सह्याद्रीतला असतो तसा, ज्वालामुखीचा. इतका समुद्र आणि वाळवंट ओलांडून मी पुन्हा पर्वतीच्या पायथ्याशी आल्यासारखं वाटलं. शरद असता तर त्यानं बस थांबवायला लावून एक खडा उचलला असता, जिभेला लावला असता आणि तो आपला नाही, हे पाच मिनिटं सांगितलं असतं.

गावात मी ग्राझिया नावाच्या बाईंकडे खोली घेतली होती. वय साठीच्या पुढचं, तरुणपणी लंडनच्या एका हॉटेलात दहा वर्षं कामाला होत्या, त्यामुळे इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. इथे मी त्यांना मराठी बोलायला लावणार आहे.

"एकटेच?" त्यांनी विचारलं.

"एकटाच."

"बरं झालं. दोघं आले की भांडतात."

रात्रीच्या जेवणात त्यांनी कागदासारखी पातळ, कडक भाकरी दिली. पापडाचा आवाज आणि मांड्याचा आकार. मेंढपाळ ती महिनोन्महिने बरोबर नेतात. मग बटाट्याचं सारण भरलेल्या, शिजवलेल्या छोट्या करंज्या आल्या. त्यांच्या कडा अशा मुरडलेल्या होत्या की कोकणातली कुठलीही सासू नावं ठेवू शकली नसती. मी तसं सांगितल्यावर ग्राझियाबाईंनी एक करंजी उचलून कड तपासली. "ही बरी आहे," म्हणाल्या. "माझी बहीण याहून बारीक मुरड घालते."

दुसऱ्या दिवशी गावात समारंभ होता. बुरुजाकडे जाणाऱ्या वाटेवर माहितीचा नवा फलक लागला होता आणि त्याचं अनावरण व्हायचं होतं. महापौर तिरंगी पट्टा आडवा घालून आले, बँडवाले आले, पाद्रीबाबा आले. भाषणं झाली. भाषा कळत नसूनही मला भाषणांतलं बहुतेक सगळं कळलं, कारण मी महापालिकेत छत्तीस वर्षं काढली आहेत. 'गौरवशाली' हा शब्द सगळीकडे एकाच सुरात म्हणतात. ग्राझियाबाईंनी कुणाला काय सांगितलं होतं कोण जाणे, अचानक महापौरांनी माझ्याकडे हात करून भारतातून खास आलेले प्राध्यापक म्हणून माझी ओळख करून दिली. टाळ्या वाजल्या. मी नमस्कार केला. त्यालाही टाळ्या पडल्या. मग पडदा ओढला गेला. फलकावर बुरुजाचं चित्र होतं, आणि इथून बुरुजाचं सुरेख दर्शन होतं, असं इंग्रजीतही लिहिलेलं होतं. ते खरंही असावं. फलक नेमका त्या दर्शनासमोर उभा होता.

समारंभ संपल्यावर सगळे आपापल्या घोळक्यात पांगले. प्राध्यापकाला काही विचारायला कुणी आलं नाही. मी फलकामागे जाऊन उभा राहिलो. तिथून बुरूज पहिल्यांदा दिसला, लांब, माळावर एकटा, काळा, माथा ढासळलेला. तिथपर्यंत जायचा मला धीर झाला नाही. उद्या जाऊ म्हटलं. जिना साडेतीन हजार वर्षं जागेवर होता, मी अकरा वर्षं थांबलो होतो, एक रात्र आणखी.

बुरूज

बुरूज ग्राझियाबाईंच्या चुलतभावाच्या कुरणात आहे. त्यांचं नाव अंतोनी, मेंढपाळ, माझ्याच वयाचे, डोक्याला टोपी आणि बोलणं जवळजवळ नाही. फाटकापाशी त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मान हलवली आणि वाट चालू लागले. ग्राझियाबाई गाडीतून विणकामाची पिशवी घेऊन मागून आल्या.

जवळ गेल्यावर तो बुरूज मोठा झाला. खालचे दगड माणसाच्या छातीइतके उंच, फारसे न घडवलेले, एकमेकांवर नुसते बसवलेले. दोन दगडांमधल्या फटीत मी बोट घालून पाहिलं. चुना नाही, माती नाही. दगडांवर नारिंगी शेवाळ्याचे ठिपके. आपल्याकडे असलं काही दिसलं की लोक ते पांडवांच्या नावावर टाकतात, आणि तेही एका रात्रीत बांधून झालेलं. इथल्या लोकांनी ते दैत्यांच्या नावावर टाकलं आहे. माणसांनी हळूहळू, घाम गाळून केलं असेल, हे दोन्हीकडे कुणाला पटत नाही.

दाराजवळ रानटी ऑलिव्हचं एक वाकडं झाड होतं. माझ्या छायाचित्रातही ते होतं. मी घाईत होतो, त्याच्याकडे नीट पाहिलं नाही.

दार बुटकं. वाकून आत शिरलो. आत बोळ, गार, मेंढ्यांचा वास. उजवा हात भिंतीवरून फिरवत निघालो, जिना तिकडेच आहे हे मला माहीतच होतं. चार पावलांवर हात एकदम पोकळीत गेला. मी बॅटरी लावली.

कोनाडा होता. एक माणूस उभा राहील एवढा. पहारेकऱ्याचा.

मी वळलो. समोरच्या, म्हणजे डाव्या भिंतीत, अरुंद पायऱ्या वर चढत अंधारात वळल्या होत्या.

आरेखकाची सवय अशी की आधी आपण नकाशा उलटा धरला आहे का ते पाहायचं. मी बाहेर गेलो, दाराकडे तोंड करून उभा राहिलो, डावा हात कुठला ते मनात पक्कं केलं आणि पुन्हा आत शिरलो. जिना डावीकडे. दुसऱ्यांदा बाहेर आलो, दुसरं दार आहे का म्हणून बुरुजाला पूर्ण फेरी मारली. दुसरं दार नव्हतं. तिसऱ्यांदा आत शिरलो. जिना कंटाळला नव्हता.

बाहेर आलो तेव्हा अंतोनी ग्राझियाबाईंना काहीतरी म्हणाले.

"तो विचारतोय, तुमचं काही हरवलंय का."

"नाही," मी म्हटलं. "सापडलंय."

मग मी खिशातून त्या छायाचित्राची झेरॉक्स काढली. चित्रात ऑलिव्हचं झाड दाराच्या उजवीकडे होतं. इथे ते डावीकडे उभं होतं. झाडं बाजू बदलत नाहीत. मी कागद उलटा केला, कोऱ्या बाजूनं, आणि उन्हाकडे धरला. कागदातून चित्र पलीकडून दिसू लागलं. झाड डावीकडे आलं, जिना डावीकडे आला, माथ्यावरचा पडका दगडही जागेवर आला. सगळा बुरूज कागदात नीट बसला. पुस्तक छापणाऱ्यानं चित्र उलटं छापलं होतं. एवढंच झालं होतं. कुठल्या तरी छापखान्यात, कुठल्या तरी सकाळी, कुणीतरी छायाचित्राची काच उलटी ठेवली. आणि मी जन्मभर नकाशे काढलेला माणूस, त्या काचेवर हवाला ठेवून माझ्या एकुलत्या एका मित्राला डावं-उजवं शिकवायला गेलो.

शरदनंही हा बुरूज पाहिलेला नव्हता. त्यानं फक्त वाचताना काळजी घेतली होती.

मी चौथ्यांदा आत शिरलो आणि जिना चढलो. भिंतीच्या पोटातून तो गोल वळत वर जातो, पायरी उंच, एका वेळी एकाच माणसापुरता. वर छत नव्हतं. चारी बाजूंना पठार, वारा, मेंढ्यांच्या घंटा. दूरवर आणखी एक बुरूज दिसत होता आणि त्याच्या पलीकडे, बारीक, आणखी एक. पहारेकरी इथून एकमेकांना बघत असतील. जवळ येत नसतील, पण बघत असतील. 'शरद, तुझं बरोबर होतं,' असं मी मोठ्यांदा म्हणून पाहिलं. वारा इतका होता की मलाच ऐकू आलं नाही.

थडगं

बुरुजापासून हाकेच्या अंतरावर दैत्यांचं थडगं आहे. ग्राझियाबाईंना बाजारात काम होतं, त्या एक वाजता येते म्हणून गेल्या. अंतोनी आणि मी तिथवर चालत गेलो.

अशी थडगी या बेटावर बरीच आहेत. दोन्ही बाजूंनी बैलाच्या शिंगांसारख्या वळलेल्या उभ्या शिळा, मधे अंगण, आणि शिंगांच्या मध्यभागी माणसाच्या दुप्पट उंचीची एक शिळा, माथा गोल केलेला. तिच्या तळाशी एक लहान चौकोनी दार. मांजराला जाता येईल, माणसाला नाही. त्यामागे मोठाल्या शिळांचं छत असलेली लांब, अरुंद खोली. दैत्य कुणी नव्हते. गावातले सगळेच लोक त्या एका खोलीत ठेवले जात, पिढ्यानपिढ्या, एकाशेजारी एक. नाव नाही, मानपान नाही, महापौराला वेगळी जागा नाही. दारापाशी अन्नपाणी ठेवत असावेत. नागपूरच्या वर्तुळांत आम्ही पाहिलं होतं ते वेगळं होतं, ज्याचं त्याला वर्तुळ. शरद तेव्हा म्हणाला होता, "मेल्यावरही यांनी कंपाउंड सोडलं नाही." आता दुसरी बाजू माझ्यासमोर होती. इथे एकट्याची सोयच नव्हती.

अंगणात पाऊल टाकण्याआधी मी बूट काढले. विचार करून नाही. शिळा होत्या, उंबरा होता, आत मेलेले लोक होते, हात आपोआप लेसकडे गेले. मोजे घालून काट्यांत उभा राहिल्यावर लक्षात आलं की इथे असं कुणी करत नसेल. मागे पाहिलं. अंतोनी माझ्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि छातीशी धरली. त्यांनीही ती तिथे पूर्वी कधी काढली असेल असं मला वाटत नाही. त्यांच्या कपाळावर टोपीच्या रेषेच्या वर कातडी एकदम पांढरी होती.

आम्ही तसे थोडा वेळ उभे राहिलो. नंतर ते मेंढ्यांकडे गेले.

जुन्या ग्रीकांनी लिहून ठेवलं आहे म्हणतात, की या बेटावरचे लोक आपल्या वीरांच्या थडग्यांपाशी झोपत आणि उठताना मनातली टोचणी तिथेच टाकून जात. मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, पण दुपारच्या झोपेवर ठेवतो. शिंगांच्या आत वारा लागत नव्हता. शिळेला पाठ टेकवून मी तासभर झोपलो. दृष्टान्त झाला नाही. मान अवघडली, टोचणी होती तिथेच होती, आणि अंतोनींचा कुत्रा माझ्या एका बुटावर डोकं ठेवून झोपला होता. त्याला उठवणं मला बरं वाटलं नाही. ग्राझियाबाईंच्या गाडीचा आवाज येईपर्यंत आम्ही तिघं तसेच बसलो, मी, कुत्रा आणि दारामागचं ते सगळं गाव.

संध्याकाळी जेवताना मी ग्राझियाबाईंना सगळं सांगितलं. पत्र, रविवार, उलटी काच.

"मग आता त्याला फोन करा."

"अकरा वर्षं केला नाही."

"अकरा?" त्यांनी माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली. "समोरचं घर दिसतं का? हिरवी खिडकी? तिथे माझी बहीण राहते. सोळा वर्षं." त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता.

"कशावरून?"

"मधल्या भिंतीवरून."

मी खिडकीतून पाहिलं. "मधे भिंत कुठे आहे?"

"ती केव्हाच पडली," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी मधाची लहान बाटली दिली. तिथल्या एका रानझुडपाचा मध, चवीला कडू. चमचाभर चाखला तर कडुलिंबाची आठवण झाली आणि मागाहून, बऱ्याच वेळानं, गोडी आली. "त्याला द्या," म्हणाल्या. "आजारी माणसाला आम्ही हाच देतो." बस निघाली तेव्हा त्या दारात उभ्या होत्या. हिरव्या खिडकीतही कुणीतरी उभं होतं, पण ते मला निरोप द्यायला नसावं.

खराडी

परत आल्यावर पहिलं काम म्हणून मी वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. अमुक लेखावरील माझ्या पत्रातील विधान चुकीचे होते, लेखकाचे वर्णन अचूक होते, मी जाहीर दिलगिरी व्यक्त करतो. अपमान जाहीर केला होता, तेव्हा माफी खाजगीत मागणं बरोबर नव्हतं. आठवड्यानं एका मुलीचा फोन आला. फार नम्र होती. म्हणाली, "सर, आता आपण फक्त करंट विषयांवरची पत्रं घेतो." मी म्हटलं, माझ्यासाठी तो करंट आहे. ती म्हणाली, मेल करून ठेवा. ते पत्र कुठे छापून आलं नाही, म्हणून त्यातला मजकूर इथे दिला आहे.

मग एका रविवारी सकाळी मी खराडीला गेलो. दोन बस बदलून. तिकडच्या इमारतींची उंची बघायला मान जितकी मागे न्यावी लागते तितकी मला सार्डिनियात कुठेही न्यावी लागली नव्हती. शरदच्या मुलाच्या टॉवरला कमान आहे, खांब आहेत आणि कारंजं आहे, जे बंद होतं. कमानीतून शिरताना उजव्या हाताला काचेची छोटी केबिन, त्यात पहारेकरी. तिशीतला, बोलण्यावरून विदर्भाकडचा.

"कोणाकडं जायचं, काका?"

मी फ्लॅटचा नंबर सांगितला, नाव सांगितलं.

त्यानं माझ्या पिशवीकडे पाहिलं. "डिलिव्हरी?"

"नाही."

"मंग गेस्ट." तो मोबाइलवर टाइप करू लागला. "कारण काय टाकू? ॲपमधी कारण लागते."

मी थोडा विचार केला. "लिहा, सार्डिनियाहून आलोय."

"सार्डिनिया... ते मागच्या फेजमधी आहे न? का ते टस्कनी?"

"दुसरं आहे. जरा लांब आहे."

त्यानं लिहिलं. "रिक्वेस्ट टाकली. अप्रूव्ह झाली की सोडतो. बसा न."

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो, पिशवी मांडीवर. वर पाहिलं. एकोणिसावा मजला मोजून काढता येतो का ते पाहिलं, बारापर्यंत मोजता आला. समोरून कुत्रे आणि कुत्र्यांना फिरवणारी माणसं गेली. एक मुलगा पिझ्झा घेऊन आला, त्याला लगेच सोडलं. सारसबागेच्या दारात मी दीड तास उभा राहिलो होतो. इथे निदान खुर्ची होती.

दहा मिनिटांनी पहारेकऱ्यानं मोबाइल पाहिला. "एक्स्पायर झाली, काका. उत्तर नाही आलं. पुन्हा टाकू का?"

उठून जाणं सोपं होतं. बस समोरच थांबत होती.

"टाका," मी म्हटलं.

त्यानं टाकली. मी पुन्हा बसलो. पिशवीतली बाटली हातानं चाचपून पाहिली. बराच वेळ काही झालं नाही, आणि मग केबिनमधला इंटरकॉम वाजला.

"हो सर," तो म्हणाला. "हो सर. एकटेच आहेत. वयस्कर आहेत. पिशवी आहे हातात... नाही सर, काही बोलले नाहीत, बसूनच आहेत." मग तो बराच वेळ ऐकत राहिला. त्याच्या कपाळावर आठी पडली. त्यानं रिसीव्हरवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे वळला.

"काका, साहेब विचारून राहिले, जिना कोणत्या हाताला होता?"

मी उभा राहिलो. खुर्ची मागे पडली, ती पडू दिली.

"डाव्या," मी म्हटलं. मग केबिनच्या काचेपाशी गेलो. "त्यांना सांगा, डाव्या हाताला. आणि कोनाडा उजव्या हाताला. त्यांनी लिहिलं होतं तसंच. मी आत जाऊन पाहून आलो. चार वेळा."

त्यानं सगळं शब्दाशब्दानं इंटरकॉमवर सांगितलं, 'चार वेळा'सकट. मग "बरं सर" म्हणून त्यानं रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. सोडा म्हणाले फक्त." त्यानं पडलेली खुर्ची उचलून नीट ठेवली आणि आतल्या बाजूला हात केला. "लिफ्ट आत शिरल्यावर डाव्या हाताला, काका."